तार येणारं चीज

मुलगी सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "गहू बंद. दूधही बंद." मी मान हलवली आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली. एवढंच.

घरातून पोळ्या गेल्या, दही गेलं, बिस्किटं गेली. तिने फारशी कुरकुर केली नाही. फक्त चीज मागायची. मैत्रिणीच्या डब्यातलं, तोडलं की तार येणारं.

मी शोधायला लागले. कामोठ्यातल्या दुकानदाराने पनीर पुढे केलं.

"दुधाचं नकोय."

"मॅडम, प्युअर व्हेज आहे हे."

मी वाद घातला नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. पाकिटं उलटी करायची, वाचायची, परत ठेवायची.

शेवटी नवीन पनवेलच्या एका मोठ्या दुकानात, फ्रीजमध्ये, बिनदुधाचं चीज मिळालं. मुलगी सोबत होती. तिने ते गार पाकीट छातीशी धरलं. मी मागची बारीक अक्षरं वाचली. गव्हाचा स्टार्च होता. तिच्या हातातून घेऊन मी ते जागेवर ठेवलं. ती रडली नाही. रिक्षात बाहेर बघत बसली, आणि मीही दुसऱ्या बाजूने बाहेर बघत बसले.

सासूबाई तेव्हा उरणजवळच्या गावाहून आल्या होत्या. मी मोबाइलवर वाचून काजू भिजवून वाटत होते. त्यांनी डोकावून पाहिलं.

"ही तर चटणी झाली. हिला तार कशी येल?"

"माहीत नाही, आई."

"साबुदाना हाय ना घरात? दलून घाल. लय चिकट असतो तो."

साबुदाण्याचं पीठ, मीठ, लिंबू घालून मी गॅसवर हलवत राहिले. आधी गुठळ्या झाल्या. मग अचानक सगळं डावाला लोंबायला लागलं. सासूबाईंनी तांदळाची भाकरी थापली, त्यावर ते गरम गरम पसरलं.

मुलीने तुकडा तोडला. तार आली, चांगली वीतभर. तिने ती बोटाला गुंडाळून खाल्ली.

"मम्मी, हे चीज नाहीये."

"नाहीये."

ती थोडा वेळ चावत राहिली. "उद्या डब्यात देशील?"

"देईन."

सासूबाई हरखून आपल्या मुलाला, माझ्या नवऱ्याला, फोन लावायला गेल्या. मलाही आनंद व्हायला हवा होता, हे कळत होतं. मी पातेलं घासायला घेतलं. तळाशी चिकटलेलं निघत नव्हतं, म्हणून त्यात पाणी घालून ठेवलं आणि तिथेच उभी राहिले.