मावशीचं प्रिव्हिलेज

भावजी गेल्यानंतर ताईला भेटायला आम्ही मायलेकी पिठलं-भाताचा डबा घेऊन गेलो. ताई भावजींच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून रडत होती. माझ्या मुलीने तिचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली, "मावशी, काकांना निदान हॉस्पिटलात वेगळी खोली मिळाली, नर्स मिळाली. कितीजणांना हे मिळतं? आपण फार प्रिव्हिलेज्ड आहोत गं."

मुलगी खोटं बोलत नव्हती. ज्यांना साधी खाटही मिळत नाही अशी माणसं आपल्याला दिसावीत, म्हणून तर हा शब्द आला. मग सुखात लोळणाऱ्यांना ऐकवावा ना तो. जिचं माणूस गेलंय, तिच्या रडण्याचीही आता ऐपत बघायची?

ताईचं रडणं मात्र थांबलं. दुसऱ्याच्या जागेवर बसलोय हे कुणी लक्षात आणून द्यावं, तशी ती ओशाळली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "खरंय बाळा. तू जेवलीस का?"

थोड्या वेळाने आम्ही निघालो. जिना उतरून खाली पोचतो न पोचतो, तोच वरून तिचं रडणं ऐकू आलं. आम्ही जायची वाट बघत होती ती.