मागच्या सीटवरून

आमच्या शेजारी खताचं दुकान चालवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांना शिरूरमध्ये आलेली प्रत्येक नवी गाडी बघायचीच असते. पण इंजिन, मायलेज, पुढचा टीव्हीएवढा पडदा, यातलं ते काहीच विचारत नाहीत. थेट मागचं दार उघडतात, दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलतात आणि म्हातारीसारखे कण्हत आत चढतात. शोरूममधला सेल्समन बघतच राहतो.

मी एकदा विचारलं, "हे काय नाटक?"

"नाटक न्हाई. गाडी बनवणारे समदे पुढं बसणारे. आन् गाडी पसंत करायला आईला कोण घेऊन जातं? म्हणून गाड्या चालल्यात उंच उंच. मोठी टायरं, रागीट तोंड. देवाला जायचंय का लढाईला?"

मला हसू आलं. मी उंचच गाडी घेतली.

पूजेच्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर हार घातला. आईनं गाडीला ओवाळलं, नारळ फुटला. आता कवठे येमाईला देवीच्या दर्शनाला निघायचं होतं. तेवढ्यात शेजारचे ते गृहस्थ आपल्या घरातून लाकडी पाट घेऊन आले. मागच्या दाराशी मांडला, हलतोय का बघितलं आणि दार उघडलं.

"मावशी, या. सावकाश."

आई पाटावर चढली आणि त्यांच्या खांद्याला धरून आत बसली. मी पुढं बसून आरशात बघत होतो. शोरूमपासून पूजेपर्यंत ते दार आमच्यातल्या कुणीच उघडलं नव्हतं.