सखारामची मान

एक्स-रेच्या खोलीत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, राव. ओल्या फिल्मसारखे दोरीवर आपोआप लटकत राहतात! पण सखारामचे किस्से मी जरा जपूनच सांगतो. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीकडे सगळी ज्वारीची शेतं, मध्येच एखादा नवा कारखाना.

*

आमच्या कारखान्यात सखाराम खोकी वाहायचा. चाकणकडचा गडी. मान इतकी आखूड की केस थेट कॉलरीत शिरलेले. फोरमन कदमांनी काम सांगितलं की "व्हय" म्हणायचा, पण डोकं तसूभर हलायचं नाही. एकदा कदम भडकले, "एवढा ताठा कुणाला दाखवतोस?"

"सायेब, न्हाई म्हणाया मान फिरती. व्हय म्हणाया वाकतच न्हाई!"

*

एका दुपारी वरच्या फळीकडे बघायला तो मागे रेलला आणि धाडकन कोसळला. डोळे उघडे, बोलणं स्वच्छ. पडल्या पडल्या विचारतोय, "माझं हातपाय कुनी न्येलं?"

मिनिटभरात उठला, धूळ झटकून कामाला लागला! त्या दिवसापासून फेफऱ्याच्या भीतीनं डबा खाताना त्याच्या शेजारी कोणी बसेना.

*

कदमच त्याला कारखान्याच्या दवाखान्यात, माझ्याकडे घेऊन आले. मी बाजूनं फिल्म काढली, धुतली, मानेचे मणके मोजले. सहा! माणसाला सात असतात. पुन्हा मोजले. सहाच.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "सगळ्यात वरचा मणका जन्मापासून कवटीला चिकटलाय. याचं डोकं मानेवर बसवलेलं नाही, मानेत रुजलंय." मग हळूच म्हणाले, "जोराचा धक्का बसला तर संपलं."

दुसऱ्या दिवशी कदमांनी लेबलं चिकटवायच्या टेबलापाशी स्टूल ठेवलं, सखारामला खांदे धरून बसवलं. "खोक्याला हात लावलास तर याद राख!" आणि स्वतःचा डबा त्याच्या शेजारी उघडला.

*

मग त्याची आई आली. गावची सुईण. मान तशीच. फिल्म बघून तिला काहीच नवल वाटलं नाही.

"माझा बाप बी असाच. आंब्याकडं वर बघितलं आन् तितंच ग्येला. पोर जलमलं की मी आदी मानंमागं बोट फिरवते. कळतं."

डॉक्टर हसले. "मग माझ्या मानेवरून फिरवा बघू!"

म्हातारीनं बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "चल सख्या, घरी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतोय तोच डॉक्टर येऊन मशीनपुढे उभे! "एक फिल्म काढ. बाजूनं."

अंधाऱ्या खोलीत मी ती धुतली. बघायला म्हणून दिव्याकडे हात नेला.

"लावू नकोस!" ते दारातूनच म्हणाले. चाचपडत आत आले, ओली फिल्म माझ्या हातातून घेतली, कोटाखाली धरली आणि पाणी ठिबकवत निघाले.

मी मागून हाक मारली, "साहेब, रजिस्टरात नाव कुणाचं घालू?"

"कुणाचंच नको!"