हळदीवरची भानामती

माझ्या हातून आयुष्यात एकच भानामती झाली, आणि तीही सासुरवाडीच्या हळदीवर.

मी हिंगोलीत शाळेत चित्रकला शिकवतो. मला कशातही माणसं दिसतात. भिंतीच्या उडालेल्या पोपड्यात मुख्याध्यापक, करपलेल्या पोळीत शेजारीण. (हे मी दोघांनाही सांगितलं. दोघंही सध्या माझ्याशी बोलत नाहीत.) माझी बायको सुनंदा म्हणते, "तुमाला सगळीकडं माणसं दिसतात, फक्त दारात आलेला गॅसवाला दिसत न्हाई!"

तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्यासाठी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आम्हाला वसमतजवळच्या त्यांच्या गावी बोलावलं होतं. हळदीची लागवड तोंडावर आलेली. सगळं घर कामाला जुंपलेलं आणि मी लोडाला टेकून. पाण्याचा तांब्या उचलला तरी मामी धावत यायच्या. "असू द्या जावईबापू, तुमी बसा!"

सात धोंडे खाऊन माणूस बसणार तरी किती? दुपारी सगळे रानात गेले तसा मी अंगणातल्या लिंबाखाली गेलो. तिथं बेण्याच्या हळदीचा, म्हणजे लागवडीसाठी राखलेल्या गड्ड्यांचा, ढीग पाल्याखाली झाकून ठेवला होता. पाला बाजूला केला आणि बघतो तर काय, आख्खं सासर माझ्याकडं बघत होतं! एका गड्ड्याला थेट मामांचं नाक. एक कमरेवर हात ठेवून उभी, म्हणजे मामीच. खिशात काळा मार्कर होता. डोळे काढले, मिशा काढल्या. बायकांना कुंकू लावलं. (लाल मार्करही होता, आणि तोच पुढं नडला.) संध्याकाळपर्यंत टोपलीभर नातेवाईक तयार झाले. सकाळी दाखवून सगळ्यांना हसवू, असं ठरवून मी ते पुन्हा ढिगावर मांडले. आणि सकाळी मला जागच आली नाही.

जाग आली ती किंकाळीनं.

"अगं माय! हळदीला डोळे फुटले!"

लागवडीला आलेल्या बायांची म्होरकी सरूबाई टोपली टाकून मागं सरकली होती.

"कुंकू बी लावलंय वं!"

"भानामती हाय ही! आमी हात लावत न्हाई!"

अकरा बाया भिंतीकडेला ओळीनं बसल्या. मामांचा चेहरा उतरला. "कोणी केलं आसंल?" तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "सोपानराव काल इकडून गेले व्हते."

सोपानराव म्हणजे मामांचे चुलत भाऊ. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून सहा वर्षं ही दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. यंदाच्या पाडव्याला कुठं मिटलं होतं. त्या दिवशी पुरण वाटताना मामी आनंदानं रडल्या होत्या. आता मामांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"इचारतोच त्याला!"

सांगावं तर जावयाचा मान जातो, न सांगावं तर दोन घरं पुन्हा तुटतात. (खरं सांगतो, मी थोडा वेळ विचार केला. पोटात सात धोंडे होते.) शेवटी ओरडलो, "मामा, थांबा! ते मी केलंय!"

मामा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, घर तुटू न्हाई म्हणून तुमी आळ सोताच्या अंगावर घेऊन राहिले. देवमाणूस हाव तुमी!"

मामींनी डोळ्याला पदर लावला.

"अहो, खरंच मी! हे बघा, हे तुम्ही. आणि या मामी!"

मामांनी गड्डा फिरवून फिरवून पाहिला. "हे मी? काहून खोटं बोलून राहिले? हे तर घुबड हाय! एवढा मोठा चित्रकार माणूस आसं काढंल का?"

जावई चित्रकार आहे, एवढंच मामांनी लग्नात ऐकलं होतं. चित्र एकही पाहिलं नव्हतं. माझी सगळी चित्रं पाहिलेली सुनंदा तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"सुनंदा, सांग ना यांना!"

"मी काय सांगू? तुमी काढूनच दाखवा."

तेवढ्यात गलका ऐकून खुद्द सोपानरावच दारात आले. "काय झालं दादा?" मामांची काठीवरची मूठ आवळली. मी झटकन एक गड्डा उचलला, मामांना समोर बसवलं आणि अकरा बायांच्या देखत त्यांचं चित्र काढलं. काढून झालं तसं मामांच्या तळहातावर ठेवलं.

सरूबाई पुढं आली. तिनं जुना गड्डा आणि नवा गड्डा शेजारी शेजारी धरला आणि मामांकडं वळली.

"त्योच हात हाय आण्णा. इतकं वाकडं कोणी मुद्दाम काढू म्हणलं तरी जमायचं न्हाई. भानामतीवाल्याचा हात साफ आसतो!"

आधी सोपानराव हसले. मग मामा असे हसले की काठी गळून पडली. सुनंदा तर खालीच बसली. दोघं भाऊ एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होते, ते पाहून मला फार बरं वाटलं. नंतर मीही हसलो. बाया उठल्या, टोपल्या भरल्या, माझे नातेवाईक रानात पेरले गेले.

"हे चित्र माह्याकडं राहू द्या," मामा म्हणाले. माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी निघताना रानाच्या बांधावर पाहिलं, तर मामांचं चित्र मिरच्या आणि बिब्ब्यासोबत खांबाला टांगलेलं.

"मामा, हे काय?"

"रानाला नजर लागू न्हाई म्हणून."

इतक्यात बांधापलीकडून सोपानराव धावत आले, हातात गड्डा घेऊन.

"जावईबापू, माह्या रानासाठी बी एक काढून द्या. पर आसंच काढा बरं, सुधारू नका!"

वीस वर्षांत माझ्या चित्राला आलेली ही पहिली मागणी. मी लगेच बांधावर बसलो. (सुधारायची भीती मला कधीच नव्हती.)