वेळेवर दिलेला कोट

दुकानात शिरला की तो आधी चपला काढायचा, मग आरशासमोर दोन्ही हात पसरून उभा राहायचा. मी मशीनवरून उठलेलीही नसायची, तोवर म्हणायचा, "घे माप, ताई. कॅमेरा चालू हाय!"

कसला कॅमेरा नि कसलं काय! महाडात चवदार तळ्याजवळ माझं शिवणाचं दुकान. पण तो आला की बायका ब्लाउजची घाई विसरून त्याच्याकडे बघत बसायच्या.

तो पोलादपूरकडचा, उमरठच्या अलीकडच्या एका वाडीतला. तरुणपणी मुंबईत नाइटक्लबमध्ये नाचायचा. तिथल्याच चैनीवर कुणीतरी सिनेमा काढला आणि गर्दीतल्या नाचणाऱ्यांत ह्याला घेतलं. तेव्हा तो सिनेमा आठवडाभरही चालला नाही. आता मात्र कॉलेजची पोरं त्या सिनेमावर जीव टाकतात, त्यातल्यासारखे कपडे करून थिएटरात नाचतात म्हणे. तुम्हीही मोबाईलवर तुकडे पाहिले असतील. काउंटरवर चढून, लाल टिकल्यांच्या कोटात, डोक्यावर बाटली ओतून घेणारा, तोच हा.

तो तुकडा त्यानं मला कितीदा दाखवला असेल! दर वेळी मध्येच थांबवायचा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायचा. "हा गेला. ही पण गेली. हा जाडा दिसतोय ना, लिव्हर. दारू खरी होती गो ताई, डायरेक्टरला सगळं असली पायजे होतं." शेवटी बोट स्वतःवर यायचं. "ह्यो एकटा हाय अजून." आणि हसायचा. मला ते हसू मुळीच आवडायचं नाही.

कारण तोही सुटला नव्हता. आता एक पेला पोटात गेला तरी वाचवता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बहिणीनं त्याला वाडीवर आणलं, तीन वर्षं पेज भरवली, थेंबाला शिवू दिलं नाही.

मग मुंबईहून फोन आला. सिनेमा पुन्हा लागणार, पोरांना खरा कोटवाला पाहिजे. जपून ठेवलेला तो लाल कोट घेऊन हा माझ्याकडे हजर. "ताई, होतो तसा दिसलो पायजे."

मी माप घेतलं, खात्री करायला पुन्हा घेतलं. छाती चार इंच उतरलेली, खांद्याची हाडं टेपला लागत होती. पोट तेवढं टम्म.

"दादा, नको जाऊस," मी म्हटलं.

"फकस्त हात हलवून येतो."

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण आली. बाकड्यावर टेकली आणि म्हणाली, "तुमी शिवणारी माणसं कधी वेळेवर देता काय? गणपतीला सांगितलेला ब्लाउज मला शिमग्याला दिलात. ह्या कोटाला पण तसाच उशीर करा. कोट नसला तर तो जायाचा नाय."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. 'उद्या या' सांगण्यात माझा हात धरणारं महाडात कुणी नाही.

पण कोट हातात घेतला आणि माझं मेलं कसब आडवं आलं. नुसता उसवून ठेवू म्हणून बसले, ती उठलेच नाही. खांद्यात पॅड बसवले, छातीला कापसाचं अस्तर दिलं, पोटाशी कापड जोडून घेर वाढवला, गळलेल्या टिकल्या एकेक लावल्या. मार्च महिना, तळ्यावरच्या कार्यक्रमाचे पांढरे सदरे खोळंबले होते. ते बाजूला सारून मी हेच करत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम एक दिवस आधी तयार झालं. तो आला तेव्हा कोट हँगरला होता. लपवायचा होता हो! पण अंगावर कसा बसतो ते बघितल्याशिवाय मला राहवेना.

त्यानं घातला. आजार कुठल्या कुठे पळाला. दुकानातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो तसाच स्टँडवर गेला आणि मुंबईची गाडी पकडली.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. नटलेल्या पोरांच्या घोळक्यात तो मधोमध, हातात भरलेला पेला. कोट इतका सुंदर बसला होता की मी फोटो मोठा करून आधी खांदे पाहिले. पेला नंतर दिसला. लाज वाटते सांगायला.

आठवड्याच्या आत तो मुंबईच्या इस्पितळात वारला.

बारावं झाल्यावर बहीण आली. मी तिचे पाय धरायला वाकले, तिनं माझे हात बाजूला केले. त्याच बाकड्यावर टेकली.

"ती पोरं इस्पितळात रडत होती," ती म्हणाली. "मी इचारलं, एवढ्या आजारी माणसाला पाजलीत कशी रे? तर म्हणाली, मावशी, आजारी वाटलेच नाय ते आमाला."