चीजचा डबा

२००८च्या मंदीत दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली. तेव्हा इराणमधल्या एका डेअरीवाल्याची ऑर्डर आली की मला हायसं वाटायचं. त्याला आम्ही स्टीलचे व्हॉल्व्ह पाठवायचो. दर नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, तो खारवलेल्या चीजचा मोठा डबा धाडायचा आणि दुबईतल्याच करामा भागातल्या घरी माझी मुलं ते पोळीत गुंडाळून खायची.

पुढे अणुकार्यक्रमावरून इराणवरचे निर्बंध कडक झाले आणि त्याचा माल बंदरात अडकला. कस्टमचा तपासनीस म्हणाला, असे व्हॉल्व्ह युरेनियमच्या कारखान्यातही चालतात. मी हबकलोच. मग भडकलो. ‘युरेनियम कसलं? डेअरी आहे त्याची! चार वर्षं त्याचं चीज खातोय मी!’

तो शांतपणे म्हणाला, ‘चीज खाल्लंत. त्याच्या डेअरीत बनताना पाहिलंत?’

निर्यातीच्या कागदांवर ‘माल कशासाठी’ या रकान्यात चार वर्षं ‘दुधाचा कारखाना’ असं लिहून मीच सही ठोकत होतो. डेअरी सोडा, मी इराणसुद्धा पाहिला नव्हता.

संध्याकाळी घरी पोचलो, तर बायको त्याच चीजचा डबा उघडत होती. ‘ठेव ते!’ मी तिच्यावर खेकसलो. तेवढ्यात मोबाइल वाजला. डेअरीवाल्याचाच फोन होता. माल कुठवर आला, एवढंच विचारायचं असणार त्याला. एरवी पहिल्या रिंगला उचलणारा मी, रिंग थांबेपर्यंत नुसता बघत उभा राहिलो.