साडूंचा शिरीष

सरळ मार्गाने हाती येणारं ज्ञान माझ्या साडूंनी आयुष्यात कधी स्वीकारलं नाही. खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलामागच्या झाडाची मुळं पाण्याच्या पाइपात शिरली, म्हणून घरमालकाने ते तोडायला लावलं. साडूंनी तोडणाऱ्यांना खोड काही नेऊ दिलं नाही. लाकूड कसलं ते आधी ठरू दे, म्हणाले. अंगणभर पानं आणि शेंगा पडल्या होत्या. मी त्या दाखवल्या तर म्हणाले, "पानावरून झाड ओळखणं म्हणजे एमिरेट्स आयडी बघून माणूस ओळखणं." मग त्यांनी लाकूड हुंगलं, ओलं करून पाहिलं, एक ढलपी चावली. कडू लागली नाही म्हणून कडुनिंब बाद झाला, आणि गाभा काळपट निघाला म्हणून दोन दिवस ते शिसम होतं. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये फळ्या कापताना भुसा नाकात गेला आणि साडूंना ओळीने चौदा शिंका आल्या. त्यांनी समाधानाने नाक पुसलं. "शिरीष. दुसऱ्या लाकडाची एवढी हिंमत नाही."

वाळवणं हे त्याहून मोठं प्रकरण. फळ्यांच्या टोकांना मेण फासून, मध्ये बारीक पट्ट्या घालून त्यांनी थप्पी रचली. बाहेरच्या झळांनी आठवड्यात तडे जाऊ लागले, तेव्हा थप्पी गेस्ट रूममध्ये गेली आणि दर सुटीला मुक्कामाला येणारे आम्ही पाहुणे हॉलमध्ये आलो. इंचाला एक वर्ष, असं ते सांगत. फळ्या दोन इंची होत्या. त्यांतून माझ्या मेव्हणीसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, झोपाळा व्हायचा होता.

पाचव्या महिन्यात कंपनीने त्यांना निवृत्त केलं. व्हिसा संपत आला. अर्धवट ओलं लाकूड पुण्याला नेण्यात अर्थ नव्हता. मेव्हणी म्हणाली, कुणाला तरी देऊन टाका. त्यावर साडूंनी वाद घातला नाही, आणि तेच आम्हाला जड गेलं.

किल्ल्या घ्यायला घरमालक आले. थप्पीपाशी थांबून त्यांनी हे तेच झाड का, असं विचारलं, फळीवर हात ठेवला आणि हिंदीत हळूच म्हणाले, "मेरी मां ने लगाया था." साडूंनी त्यांना तासभर शिकवलं. थप्पी हलवायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही, घाई करायची नाही. म्हातारे घरमालक प्रत्येक सूचनेला इन्शाल्ला म्हणत होते. मग साडूंनी सगळं लाकूड त्यांच्या स्वाधीन केलं.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. अर्ध्या वाटेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"एकोणीस वर्षं राहिलो," म्हणाले. "एकदा तरी त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायला हवं होतं."